क्रिम्पिंग (मासेमारी)

क्रिम्पिंग हे मासेमारीच्या जाड दोरीला गळ, फिरती कडी किंवा तत्सम साधने पक्की जोडण्याचे तंत्र आहे. यात दोरीला गाठ मारली जात नाही. दोरी धातूच्या लहान नळीतून ओवून साधनाच्या कडीतून घेतात, तिचे टोक पुन्हा त्याच नळीत आणतात आणि विशिष्ट पकडीने ती नळी दाबून बसवतात. या नळीला स्लीव्ह असे म्हणतात. शेतीपंपाच्या केबलला लग दाबून बसवतात ती क्रियाही क्रिम्पिंगच होय. मात्र तेथे धातूवर धातू दाबला जातो, तर येथे धातूच्या आत तुलनेने मऊ असा नायलॉन असतो. त्यामुळे नळी घट्ट बसली पाहिजे, पण दोरी चेंगरता कामा नये, ही या तंत्रातील मुख्य अट आहे.

गाठीऐवजी नळी का?

नायलॉनचा शोध १९३५ साली अमेरिकेतील डूपाँ कंपनीत वॉलेस कॅरॉथर्स यांनी लावला. पुढे या पदार्थाचा एकसंध, पारदर्शक धागा मासेमारीत सर्वत्र रूढ झाला. धागा पातळ असेल तर गाठीचे वेढे सहज आवळले जातात. धाग्याची जाडी वाढत गेली की तो ताठ होतो, वेढे एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि ताण येताच गाठ सरकू लागते. सरकताना घर्षणाने उष्णता निर्माण होते व नायलॉन त्याच जागी दुर्बल होतो. शिवाय गाठीत दोरी अतिशय लहान वळणाने वाकते, त्यामुळे वळणाच्या बाहेरील भागावर ताण एकवटतो. नळीच्या जोडात दोरी सरळ राहते आणि पकड नळीच्या संपूर्ण लांबीवर वाटली जाते. साधारणपणे ४५ किलोग्रॅम (१०० पौंड) व त्याहून अधिक ताण पेलणाऱ्या दोरीसाठी हे तंत्र सोयीचे ठरते.

साहित्य

नळ्या ॲल्युमिनियम, तांबे किंवा पितळ यांच्या असतात. नायलॉनच्या दोरीसाठी बहुधा ॲल्युमिनियमची अथवा तांब्याची, दोन धागे शेजारी-शेजारी मावतील अशी लांबट गोल छेदाची नळी घेतात. पोलादी तारेसाठी तांब्याची नळी योग्य असते. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि गंजरोधक पोलाद एकमेकांना लागून राहिल्यास ॲल्युमिनियम लवकर झिजते, हे यामागील कारण आहे. अनेक बारीक तारा पिळून केलेली तार नळीने जोडता येते. एकेरी कडक तार मात्र गुळगुळीत असल्याने नळीतून निसटू शकते, म्हणून ती हातानेच पीळ देऊन बांधतात.

दाबण्याच्या हत्याराच्या जबड्यांत वेगवेगळ्या मापांच्या खाचा असतात. नायलॉनसाठी दोन्ही बाजूंनी गोलाई असलेली खाच वापरतात. एका बाजूस टोकदार उंचवटा असलेली खाच तारेसाठी असते. ती नायलॉनवर वापरल्यास धाग्यात खोल खळगा पडतो. वायरमनची साधी पकड वापरल्यास नळी एकसारखी दाबली जात नाही.

कृती

१. दोरीचे टोक तीक्ष्ण कटरने सरळ कापावे. दोरीचे दोन्ही पदर किंचित घासून आत जातील अशा मापाची नळी निवडावी.

२. दोरी नळीतून व नंतर साधनाच्या कडीतून ओवावी. कडीशी घर्षण होऊ नये म्हणून फाशाच्या वळणावर प्लॅस्टिकची लहान नळी किंवा धातूची पन्हळी बसवतात.

३. टोक नळीतून परत आणून काही मिलिमीटर बाहेर ठेवावे.

४. नळी योग्य खाचेत ठेवून मध्यापासून दाबावी. तिच्या दोन्ही कडा मात्र न दाबता किंचित उमललेल्या ठेवाव्यात. कडाही दाबली गेल्यास ती सुरीप्रमाणे दोरीत रुतते, आणि ताण आल्यावर दोरी नेमकी तेथेच तुटते.

५. बाहेर राहिलेल्या टोकाला दुरून आच देऊन लहान मणी करतात, त्यामुळे ते नळीत मागे सरकत नाही. ही आच मुख्य दोरीला लागू देऊ नये.

६. साधन पक्क्या खुंटीला अडकवून दोरी संथपणे ताणावी आणि जोड तपासावा.

दोष व तपासणी

कमी दाबलेला जोड सरकतो, तर अति दाबलेला जोड तुटतो. पहिला दोष ताणून पाहताच उघड होतो. दुसरा अधिक फसवा असतो, कारण चेंगरलेली दोरी किनाऱ्यावरील परीक्षेत टिकते आणि माशाच्या झटक्याने तुटते. नळीला तडा जाणे, ती वाकडी होणे, तिच्या तोंडाशी दोरी पांढुरकी दिसणे ही बिघाडाची लक्षणे होत. असा जोड पुन्हा दाबून सुधारत नाही. तो कापून नव्या नळीने करावा लागतो. भिजलेल्या नायलॉनची ताकद कोरड्यापेक्षा काहीशी कमी असते, हेही दोरी निवडताना लक्षात घ्यावे लागते.

महाराष्ट्रातील उपयोग

या तंत्राचे खरे क्षेत्र समुद्र आहे. कोकण किनाऱ्यावर गळाने मासे धरण्यास गरवणे म्हणतात. सुरमईचे दात धारदार असतात आणि साधा नायलॉन ते सहज कापतात, म्हणून गळाजवळ जाड दोरीचा किंवा तारेचा तुकडा जोडणे उपयोगी ठरते. खोल समुद्रातील कुपा म्हणजे टूना माशांसाठी लाँगलाइन ही पद्धत आहे. तीत कित्येक किलोमीटर लांबीच्या मुख्य दोरीला शेकडो उपदोऱ्या लावतात व प्रत्येकीच्या टोकाला गळ असतो. एकसंध नायलॉनच्या लाँगलाइनमध्ये उपदोऱ्यांचे जोड क्रिम्पिंगने केले जातात. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण या केंद्र सरकारच्या संस्थेने टूनाच्या शोधासाठी लाँगलाइनची जहाजे वापरली आहेत.

खानदेशातील गोड्या पाण्यात परिस्थिती वेगळी आहे. चाळीसगाव तालुक्यातील मन्याड आणि शेजारच्या नांदगाव तालुक्यातील गिरणा (१९६९) यांसारख्या जलाशयांत कटला, रोहू व मृगळ या माशांची मासेमारी प्रामुख्याने जाळ्यांनी होते. या कार्पवर्गीय माशांच्या जबड्यात दात नसतात. त्यांचे दात घशात असतात. त्यामुळे हौसेने गळ टाकणाऱ्याला दोरी कापली जाण्याची भीती कमी असते, आणि पातळ धाग्याला नीट मारलेली गाठ पुरते. मरळ माशाला दात असतात, तरी त्यासाठीही नळीच्या जोडाइतकी जाड दोरी सहसा लागत नाही. पातळ धाग्यावर नळी दाबणे उलट हानिकारक ठरते, कारण सैल नळीतून धागा निसटतो आणि ती घट्ट करण्याच्या प्रयत्नात तो कापला जातो.

सुरक्षा व पर्यावरण

जाड दोरी ताणाखाली असताना हाताभोवती गुंडाळू नये. मोठ्या माशाच्या ओढीने बोटांना गंभीर इजा होऊ शकते. जोड ताणून पाहताना डोळ्यांवर चष्मा असावा, कारण सुटलेला गळ वेगाने मागे येतो.

निकामी जोडाचे नुकसान केवळ मच्छीमारापुरते राहत नाही. मासा तोंडात गळ व मागे दोरी घेऊन जातो. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही, आणि सुटलेल्या दोरीत समुद्री कासवे व पक्षी अडकतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात, त्यामुळे महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कापलेले तुकडे व वापरलेल्या नळ्या पाण्यात न टाकता परत आणणे हा या तंत्राचाच भाग समजला पाहिजे.