शहाबादी चुनखडीची कुळकथा

जुळे सोलापुरात अंगणात, जिन्यात, मोरीत बसवलेली करडी-निळसर शहाबादी फरशी इथल्या जमिनीतली नाही. सोलापूरखाली आहे तो काळा कातळ. दख्खनच्या लाव्हाचे हे थर आग्नेयेला संपतात आणि कलबुर्गी जिल्ह्यात त्यांच्या खालची, कितीतरी जुनी चुनखडी उघडी पडते. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1876 मध्ये दक्षिण महाराष्ट्र प्रदेशाच्या भूरचनेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात हे खडक ‘भीमा सिरीज’ म्हणून येतात. पंढरपूरवरून वाहत येणाऱ्या भीमेचंच ते नाव. सी. महादेवन यांनी 1947 मध्ये त्यांचे खालचा, मधला, वरचा असे भाग पाडले. 1975 मध्ये जनार्दन राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भागांना गावांची नावं दिली: रबनपल्ली, शहाबाद, हलकल वगैरे. ‘सिरीज’ जाऊन ‘ग्रुप’ आला, आणि आपल्या फरशीचा थर ‘शहाबाद फॉर्मेशन’ झाला.

हा बदल केवळ पाट्या बदलण्याचा नव्हता. ‘सिरीज’ म्हटलं की खडक आणि त्याचा काळ एकाच शब्दात गुंडाळले जात. त्याने किती घोटाळा होतो ते युरोपातल्या एका नावात दिसतं. 1822 मध्ये दॉमालियस दालॉय या बेल्जियन भूवैज्ञानिकाने पांढऱ्या खडूच्या, म्हणजे चुनखडीच्याच, थरांवरून ‘क्रिटेशस’ हे नाव काढलं. पुढे ते साऱ्या जगाच्या एका कालखंडाचं नाव झालं. दख्खनचा काळा लाव्हा उसळू लागला तो याच ‘खडूच्या’ काळाच्या अखेरीस, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी! म्हणून 1971 च्या भारतीय भूस्तरनाम संहितेनेही खडकाची नावं वेगळी आणि काळाची वेगळी ठेवली. फॉर्मेशन ठरतं ते खडकाच्या गुणांवरून आणि नकाशावर आखता येईल अशा सीमांवरून. शहाबादच्या चुनखडीत वय सांगणारे शंखशिंपले नाहीत. तिच्या वयाचा वाद अजून मिटलेला नाही. तरीही नावाला धक्का लागत नाही, कारण त्याने वयाचा दावा केलेलाच नाही. मला या पद्धतीचं मोठं बळ यातच दिसतं.

कुणी म्हणेल, चुनखडीला नुसतं चुनखडी म्हणावं, गावं कशाला? पण शहाबादच्या चुनखडीवर हलकलचा शेल, म्हणजे चिखलाचा पातळ पापुद्र्यांचा खडक, आहे आणि त्याच्या वर पुन्हा चुनखडी येते, कटमदेवरहळ्ळीची. दोन्हींना एकच नाव दिलं, तर हे थर ज्या समुद्रात साचले, त्यात मधला शेल साचताना काय बदललं, हा प्रश्नच पुसला जाईल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बाजारात कुठल्याही पातळ करड्या फरशीला शहाबादी म्हणतात, मग नावाचा नेमकेपणा उरला कुठे? व्यापाराला फरशीची जाडी आणि रंग कळले की पुरतं. भूवैज्ञानिकाचं नाव मात्र एका ठरलेल्या जागी उघड्या दिसणाऱ्या थरांना, म्हणजे ‘आदर्श छेदा’ला, बांधलेलं असतं. शंका आली तर तिथे जाऊन हातोडी मारून पाहता येतं. ती जागाच राहिली नाही, तर नावाचा साक्षीदार गेला. वाडी-शहाबाद पट्ट्यात फरशीच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, आणि दोघांनाही हीच चुनखडी हवी आहे. उत्खननाचे परवाने देणाऱ्यांनी अशा प्रत्येक आदर्श छेदाची निदान एक कडा तरी कायमची राखून ठेवावी.