रक्तवाहिनीचें अस्तर

कोटांतल्या जुन्या कापूसबाजाराचें नांव घेऊन शिवडीच्या बाजूस येऊन बसलेल्या कॉटन ग्रीनहून परळची वाट धरली म्हणजे थोड्याच वेळांत के. ई. एम. इस्पितळ लागतें. तेथील डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांना सर्पगंधा देऊन त्याचा वृत्तांत १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध केला, आणि आमच्या वैद्यांच्या ओळखीची ही मुळी जगाच्या औषधालयांत जाऊन पोंचली.

रक्ताचा दाब बऱ्याच अंशीं बारीक धमन्यांच्या रुंदीवर ठरतो. नळी निम्म्यानें अरुंद झाली तर तिचा अडथळा सोळा पट होतो. ह्या धमन्यांच्या भिंतींतील स्नायु आवळण्याचा हुकूम मज्जातंतू देतात; सर्पगंधा त्या तंतूंच्या टोकांशीं असलेल्या संदेशद्रव्याचा सांठाच रिता करते, हें पुढें उमगलें. पण स्नायु सैल सोडण्याचा हुकूम कोण देतो? धमनीच्या आंतल्या अंगास पेशींचा एकपदरी थर असतो. भांड्यास जशी कल्हई, तसा हा थर, एवढीच त्याची किंमत सर्वांनीं केली होती.

१९७८ सालीं न्यूयॉर्कमध्यें रॉबर्ट फर्चगॉट ह्यांच्या प्रयोगशाळेंत सशाच्या महाधमनीचा तुकडा ज्या द्रव्यानें आवळावयाचा, त्यानेंच सैल पडला. शोध घेतां कळलें कीं, पूर्वीं तुकडे कापतांना आंतला थर नकळत घासून जात असे. ह्या खेपेस तो शाबूत होता. म्हणजे उत्तर वर्षानुवर्षें शास्त्रज्ञांच्याच हातून पुसलें जात होतें! १९८० सालीं त्यांनीं तें जाहीर केलें. अस्तराचा हा निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायु, असें १९८७ पर्यंत सिद्ध झालें. आल्फ्रेड नोबेल ह्यांनीं ज्या नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट केलें, तें १८७९ पासून छातींतील कळेवर दिलें जात होतें. त्याचा गुणही ह्याच वायूचा. ह्या शोधांबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद ह्यांना १९९८ सालीं नोबेलांच्याच नांवाचें पारितोषिक मिळालें.

अगदीं बारीक धमन्यांत मात्र ह्या वायूचा वांटा कमी पडतो. तेथें अस्तराच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतें, विजेचा भार बदलतो, व तो बदल स्नायूपर्यंत जाऊन त्यास सैल करतो.

तंबाखूचा धूर, मधुमेह व जुना रक्तदाब ह्यांनीं हें अस्तर दुखावतें आणि निरोप क्षीण होतो. उलट, चालण्यानें रक्ताचा ओघ वाढला कीं, त्याच्या घर्षणानेंच अस्तर निरोप सोडतें. कॉटन ग्रीनहून परळास जावयाचें झाल्यास आम्ही वाचकांस पायींच जाण्याची शिफारस करूं.