जपानी परीक्षेची शब्दसंपदा : सीमाभागातील विद्यार्थ्याच्या हाताशी काय आहे?

जपानी भाषा प्राविण्य परीक्षा, म्हणजेच ‘जेएलपीटी’, ही जपानी मातृभाषा नसलेल्यांसाठी घेतली जाणारी जगातील सर्वांत मोठी परीक्षा होय. जपान फाउंडेशन आणि जपानमधील एक शैक्षणिक संस्था यांनी १९८४ साली ती सुरू केली, तेव्हा १५ देशांतून सुमारे ७,००० परीक्षार्थी बसले होते. आज ती जुलै आणि डिसेंबर महिन्यांतील पहिल्या रविवारी घेतली जाते. भारतातील तिच्या केंद्रांमध्ये पुणे, मुंबई आणि बेंगळुरू यांचा समावेश आहे.

या परीक्षेला आता नोकरीचे परिमाण लाभले आहे. जपानने एप्रिल २०१९ मध्ये ‘विशिष्ट कुशल कामगार’ हा व्हिसा आणला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यासंबंधी भारताशी करार केला. वृद्धसेवा, शेती, बांधकाम, अन्नप्रक्रिया, उपाहारगृहे अशा क्षेत्रांत या मार्गाने जाणाऱ्याला कौशल्य चाचणीसोबत या परीक्षेची एन-४ पातळी किंवा तिला पर्यायी अशी ‘जेएफटी-बेसिक’ चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत ५ लाख व्यक्तींच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. त्यात भारतातून ५०,००० कुशल मनुष्यबळ जपानला जावे असे उद्दिष्ट आहे.

गोव्याच्या पूर्व सीमेला लागून असलेल्या जोयडा तालुक्यातील तरुणांपुढेही हा मार्ग खुला आहे. काळी नदीच्या खोऱ्यातील हा तालुका, जुन्या नावाने सुपा, बहुतांशी जंगलाने व्यापलेला आहे. येथे घरात कोकणी, शाळेत आणि कचेरीत कन्नड, तर वाचनात व व्यवहारात मराठी असा त्रिभाषिक संसार चालतो. जपानी शिकवणारे वर्ग जवळ नसले, तरी शब्दसंग्रहाचा अभ्यास हा बराचसा एकट्याने करण्याचा भाग आहे. तीन भाषांत वाढलेल्या विद्यार्थ्याला त्यात वाटते त्यापेक्षा अधिक आधार मिळतो.

परीक्षेत शब्द कसे तपासले जातात?

परीक्षेच्या पाच पातळ्या आहेत. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत कठीण. २००९ पर्यंत चारच पातळ्या होत्या आणि त्यांच्यासाठी शब्दसंख्येचे अधिकृत प्रमाण प्रसिद्ध होत असे. सर्वांत खालच्या पातळीला सुमारे ८०० शब्द व १०० कांजी (चिनी मूळची चित्राक्षरे), तिच्या वरच्या पातळीला १,५०० शब्द व ३०० कांजी, त्यानंतर ६,००० आणि १०,००० शब्द, असा तो चढता क्रम होता. २०१० साली नवी रचना आली आणि अधिकृत यादी देणे आयोजकांनी थांबवले. त्यामुळे बाजारात ‘अधिकृत शब्दयादी’ म्हणून जे विकले जाते, ते प्रत्यक्षात जुन्या यादीवरून आणि मागील प्रश्नांवरून बांधलेले अंदाज असतात. ते उपयोगी असतात. मात्र त्यांवर अधिकृततेचा शिक्का नसतो.

यादी बंद करण्यामागील भूमिका समजून घेण्यासारखी आहे. किती शब्द पाठ आहेत यापेक्षा ते वापरता येतात का, हे या परीक्षेला पाहायचे असते. एन-४ च्या शब्दविभागात पाच प्रकारचे प्रश्न येतात. कांजीचा उच्चार ओळखणे, उच्चारावरून कांजी ओळखणे, वाक्यातील रिकाम्या जागी योग्य शब्द निवडणे, त्याच अर्थाचे दुसरे वाक्य शोधणे आणि एखादा शब्द चार वाक्यांपैकी कोठे योग्य रीतीने वापरला आहे हे सांगणे. यासाठी २५ मिनिटे मिळतात. सर्व प्रश्न पर्यायी स्वरूपाचे असतात. लेखन वा संभाषण तपासले जात नाही.

गुणांची अट अनेकांना उशिरा कळते. एन-४ साठी १८० पैकी ९० गुण लागतात. परंतु भाषाज्ञान व वाचन या १२० गुणांच्या भागात किमान ३८ आणि श्रवणाच्या ६० गुणांच्या भागात किमान १९ गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. एकूण १२० गुण मिळूनही श्रवणात १८ पडले, तर विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरतो आणि पुढील परीक्षेपर्यंत थांबावे लागते. केवळ डोळ्यांनी पाठ केलेला शब्द कानावर पडला की ओळखू येत नाही. हे अपयश बहुधा तेथूनच येते.

वर्णमाला आणि उच्चार

जपानी अक्षरमालेचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णांच्या अभ्यासातून तो आला. ‘सा’चा प्राचीन उच्चार ‘च’च्या जवळचा आणि ‘हा’चा ‘प’ होता, हे लक्षात घेतले की क, च, त, न, प, म, य, र, व ही आपली ओळखीची रांगच समोर उभी राहते. शब्दकोशही याच क्रमाने रचलेले असतात.

उच्चारातही लाभ आहे. ‘चिंच’ आणि ‘चुना’ यांतील दोन वेगळे ‘च’ मराठी व कोकणी माणूस सहज उच्चारतो. ‘चिझु’ (नकाशा) आणि ‘त्सुकुए’ (मेज) या जपानी शब्दांत नेमके तेच दोन ध्वनी आहेत. ‘पक्का’, ‘सत्ता’ यांतील द्वित्वाची सवय ‘किते’ (ये) आणि ‘कित्ते’ (टपाल तिकीट) यांतील भेद ऐकताना कामी येते.

अडचण स्वरांच्या लांबीत आहे. ‘ओबासान’ म्हणजे मावशी वा आत्या, तर ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. ‘युकि’ म्हणजे बर्फ, तर ‘यूकि’ म्हणजे धैर्य. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बराच सैल झाला आहे आणि ‘ओ’चे ऱ्हस्व रूप देवनागरीत वेगळे दाखवता येत नाही. म्हणून जपानी शब्द देवनागरीत लिहून पाठ करण्याची सवय पहिल्या एक-दोन आठवड्यांतच सोडावी आणि हिरागाना व काताकाना या दोन्ही लिप्या आधी पक्क्या कराव्यात.

ओळखीचे साचे

वाक्यात क्रियापद शेवटी आणि नामानंतर प्रत्यय ही रचना मराठी, कोकणी आणि कन्नड या तिन्ही भाषांत आहे, तशीच जपानीतही आहे. ‘करणे’ लावून क्रियापद घडवण्याची आपली रीतही तेथे भेटते. ‘बेन्क्यो’ म्हणजे अभ्यास आणि ‘बेन्क्यो सुरु’ म्हणजे अभ्यास करणे. ‘सोजि सुरु’ म्हणजे साफसफाई करणे. ‘देन्वा सुरु’ म्हणजे फोन करणे. असे एक नाम शिकले की क्रियापद आपोआप हाती येते.

क्रियापदांच्या जोड्या हे परीक्षेतील आवडते सापळे. मराठीत ‘पडणे-पाडणे’, ‘तुटणे-तोडणे’, ‘फुटणे-फोडणे’ अशा जोड्या आहेत. जपानीत ‘ओचिरु’ म्हणजे पडणे आणि ‘ओतोसु’ म्हणजे पाडणे. ‘आकु’ म्हणजे आपोआप उघडणे आणि ‘आकेरु’ म्हणजे कोणीतरी उघडणे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला दोन्हींसाठी बहुधा एकच शब्द दिसतो. मराठीतून शिकणाऱ्याने ही जोडी एकत्र लिहून ठेवली, तर भेद मनात आधीपासूनच असतो.

कांजीचे दुहेरी उच्चार नवशिक्याला सर्वाधिक घाबरवतात. येथे तत्सम आणि तद्भव शब्दांची आठवण उपयोगी पडते. आपण तांब्याभर ‘पाणी’ मागतो, परंतु ‘जलाशय’ आणि ‘जलप्रवास’ म्हणतो. जपानीतही पाण्याचे चित्राक्षर एकटे असताना ‘मिझु’ असे वाचले जाते. जोडशब्दांत मात्र ते ‘सुइ’ होते. ‘सुइएइ’ म्हणजे पोहणे, ‘सुइदो’ म्हणजे नळपाणी, ‘सुइयोबि’ म्हणजे बुधवार. म्हणून कांजीचे उच्चार सुटे पाठ करू नयेत. प्रत्येक उच्चार एका शब्दासह शिकावा.

गोव्यातून गेलेली वाट

जपानी शब्दसंग्रहात गोमंतकीयांना घरच्यासारखे वाटतील असे शब्द आहेत. पोर्तुगीज जपानला १५४३ साली पोहोचले. कागोशिमाचा अंजिरो हा जपानी गृहस्थ १५४८ साली गोव्यात आला, सेंट पॉल महाविद्यालयात पोर्तुगीज शिकला आणि १५४९ साली फ्रान्सिस झेवियर यांच्यासोबत मायदेशी परतला. पुढच्या शतकभरात पोर्तुगीज शब्द जपानीत रुजले. ‘पान’ म्हणजे पाव. दोहोंचे मूळ एकच. ‘कोप्पु’ म्हणजे पेला, कोकणीतील ‘कोप’चा सख्खा भाऊ. ‘बोतान’ म्हणजे बटण, कोकणी ‘बुतांव’. ‘तबाको’ म्हणजे तंबाखू. इंग्लंडला जपानीत ‘इगिरिसु’ म्हणतात आणि आपण ‘इंग्रज’ म्हणतो. दोन्हींच्या मुळाशी पोर्तुगीज शब्दच आहे. मात्र ‘आरिगातो’ हा आभाराचा शब्द ‘ओब्रिगादो’वरून आला ही समजूत चुकीची आहे, तो जपानीचा स्वतःचा, पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीचा शब्द आहे.

जेझुइट धर्मोपदेशकांनी १६०३-०४ मध्ये नागासाकी येथे सुमारे ३२,००० शब्दांचा जपानी-पोर्तुगीज कोश छापला. शब्द कोणत्या प्रांतात चालतो, काव्यात येतो की स्त्रियांच्या बोलण्यात, हेही त्यात नोंदवलेले आहे. शब्दासोबत त्याचा वापर शिकावा हा विचार चारशे वर्षांपूर्वीही नवा नव्हता.

रोजचा अभ्यास

एन-५ च्या ८०० शब्दांनंतर एन-४ साठी साधारण ७०० शब्द उरतात. रोज १० नवे शब्द घेतल्यास ७० दिवस लागतात. उजळणीसह चार महिने धरणे शहाणपणाचे. विस्मरणाचा वेग पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखवून दिले. त्यावर उपाय म्हणून सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली पाच कप्प्यांच्या पेटीची पद्धत मांडली. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात ठेवावी आणि तो कप्पा रोज पाहावा. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या, अधिक दिवसांच्या अंतराने पाहायच्या कप्प्यात जाते. चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात येते. ‘आन्की’ हे मोबाइलवरील लोकप्रिय साधन याच तत्त्वावर चालते. त्याच्या नावाचा जपानी अर्थच ‘पाठांतर’ असा आहे. एकदा शब्दसंच उतरवून घेतला की ते इंटरनेटशिवायही चालते. नेटवर्क न पोहोचणाऱ्या वाडीवर पुठ्ठ्याची पेटी आणि कागदी चिठ्ठ्या तेच काम करतात.

चिठ्ठीच्या एका बाजूस कांजीसह एक लहान जपानी वाक्य असावे; दुसऱ्या बाजूस उच्चार आणि मराठी वा कोकणी अर्थ. शब्द दिसल्यावर तो मोठ्याने म्हणावा. ध्वनिमुद्रण उपलब्ध असल्यास आधी ऐकावे, मग पाहावे. घड्याळ लावून आठवड्यातून एक नमुना प्रश्नपत्रिका सोडवावी; आयोजकांच्या संकेतस्थळावर अधिकृत नमुना प्रश्न विनामूल्य मिळतात.

अर्ज भरण्याची मुदत परीक्षेच्या काही महिने आधीच संपते, म्हणून केंद्राची सूचना वेळीच पाहावी. जोयडा तालुक्यातील विद्यार्थ्याला पुण्याचे केंद्र गाठण्यासाठी लोंढा स्थानकावरून बेळगाव-मिरज मार्गे जाणारी गोवा एक्सप्रेस सोयीची आहे. परीक्षा रविवारी असते. त्यामुळे आदल्या दिवशी मुक्कामाला पोहोचावे. प्रवेशपत्र, ओळखपत्र, पेन्सिली आणि खोडरबर सोबत असावे. प्रमाणपत्राला मुदत नसते. काही संस्था व मालक मात्र अलीकडच्या काळातील निकाल मागतात, हे अर्ज करताना तपासून घ्यावे.