बूट फ्लॉपी आणि तीन मिनिटांची लाईट

२००८ च्या मे महिन्यात मी अकरा वर्षांचा होतो आणि सुट्टीला पारोळ्याला मामाकडे गेलो होतो. पारोळा म्हणजे धुळे-जळगाव हायवेवरचं तालुक्याचं गाव. मामाचा तिथे कॉम्प्युटर क्लास होता. वरच्या मजल्यावर एक खोली, सहा असेंबल्ड कॉम्प्युटर, भिंतीवर कीबोर्डचा तक्ता. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, पाठोपाठ एमएस-सीआयटी आली. सरकारी नोकरीसाठी ते सर्टिफिकेट लागायला लागलं, तसे तालुक्यातालुक्यांत असे क्लास उघडले.

त्या सहापैकी एक मशीन १९९९ चं, सेकंडहँड घेतलेलं. त्याची हार्ड डिस्क गेली. बाजारात मिळणारी सगळ्यात लहान डिस्क होती ४० जीबीची. ती जोडली की कॉम्प्युटर सुरू होतानाच अडकायचा. धुळ्याच्या एका रिपेअरवाल्यानं फोनवर निदान केलं, ‘बायोस जुना आहे. त्याला ३२ जीबीच्या पुढचं मोजताच येत नाही. अपडेट मारा.’

बायोस म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहणारा छोटा प्रोग्रॅम. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी तो जागा होतो, मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि मग विंडोजला उठवतो. हे नाव गॅरी किल्डाल यांनी सत्तरच्या दशकात आपल्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी वापरलं. १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला, तेव्हा त्याचा बायोस रॉम चिपमध्ये होता. बदलायचा तर चिपच उपटून दुसरी बसवायची. नव्वदच्या दशकात बायोस फ्लॅश मेमरीत गेला आणि चिप न काढता पुन्हा लिहिता यायला लागला. याची दुसरी बाजू २६ एप्रिल १९९९ ला दिसली. तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्यानं लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जगभर जागा झाला आणि अनेक कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये कचरा लिहून गेला. ते कॉम्प्युटर सुरूच होईनात.

अपडेटसाठी विंडोज चालत नव्हतं. मशीनचा पाया बदलायचा तर वर कमीत कमी सामान हवं, म्हणून डॉस. आणि डॉस सुरू करायला बूट फ्लॉपी. मामानं दुसऱ्या कॉम्प्युटरवर फ्लॉपी घातली, राइट क्लिक, फॉरमॅट, ‘क्रिएट अ‍ॅन एमएस-डॉस स्टार्टअप डिस्क’ वर टिक. फ्लॉपीचे पहिले ५१२ बाइट म्हणजे बूट सेक्टर. बायोस आधी तेवढेच वाचतो, आणि त्यातला कोड पुढच्या फायली शोधून डॉस उभं करतो. फ्लॉपीची जागा १४,७४,५६० बाइट, म्हणजे आजच्या फोनमधला एक फोटोसुद्धा मावणार नाही. पण बायोसची फाईल २५६ केबीची आणि ती लिहिणारा प्रोग्रॅम त्याहून लहान, त्यामुळे सगळं आरामात बसलं. डब्यातल्या दहा फ्लॉप्यांपैकी चार खराब निघाल्या, पाचवी चालली.

खूप वर्षांनी इंजिनिअरिंग करताना मला फ्लॉपीच्या जन्माची गोष्ट कळली. फ्लॉपी आपल्या फायली ठेवायला जन्मलीच नव्हती. आयबीएमच्या मेनफ्रेममध्ये प्रोसेसरला चालवणाऱ्या बारीक सूचना असत, त्यांना मायक्रोकोड म्हणत. १९६७ मध्ये अ‍ॅशर ऑपलर यांनी अशा मधल्या थरासाठी ‘फर्मवेअर’ हा शब्द सुचवला. ना पक्कं हार्डवेअर, ना सुटं सॉफ्टवेअर. सिस्टीम/३७० मालिकेत आयबीएमनं हा मायक्रोकोड अशा मेमरीत ठेवायचं ठरवलं की जी वीज गेली की रिकामी होते. मग दर वेळी तो पुन्हा भरायचा कशातून? आणि दुरुस्ती झाली तर ती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायची कशी? अ‍ॅलन शुगार्ट यांच्या हाताखाली डेव्हिड नोबल आणि सहकाऱ्यांनी उत्तर काढलं ती आठ इंची, लवचीक, स्वस्त चकती. १९७१ मध्ये ती आली. जेमतेम ८० केबीची, आणि गिऱ्हाइकाकडच्या मशीनवर फक्त वाचता येणारी. पत्रं, हिशेब, गेम्स हे सगळं तिच्यावर नंतर आलं. फर्मवेअर भरणं हे तिचं पहिलं काम, आणि पारोळ्यात मामाच्या हातात ती होती तेव्हाही ती तेच काम करत होती.

रिपेअरवाल्यानं एकच ताकीद दिली होती, ‘पट्टी पूर्ण भरेपर्यंत लाईट जायला नको.’ दोन-तीन मिनिटांचा प्रश्न. पण ते लोडशेडिंगचे दिवस होते. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र, आणि आम्ही जिल्ह्यात दिवसाचे कित्येक तास अंधारात. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यात बसली होती. मामानं वेळापत्रक पाहून दुपारी लाईट आल्या आल्या काम धरलं. जुन्या बायोसची कॉपी घेतली, कमांड टाईप केली, पट्टी सरकायला लागली. अर्ध्यावर आली आणि पंखा मंदावला. खालून मामी ओरडली, ‘लाईट गयी!’

मामा काहीच बोलला नाही. एका कॉम्प्युटरची फी म्हणजे दिवसाच्या चार-पाच बॅच. नवीन मदरबोर्ड घ्यायचा तर जुनी रॅम आणि प्रोसेसरही चालणार नव्हते.

संध्याकाळी लाईट आली. बटण दाबलं तर स्क्रीन काळी. पण फ्लॉपीचा हिरवा दिवा लागला आणि ड्राइव्ह खर्र खर्र वाजली. मामानं धुळ्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, ‘मग बोर्ड मेला नाही.’ चिपच्या एका कोपऱ्यात बूट ब्लॉक नावाचा छोटा तुकडा असतो, अपडेट त्याला हात लावत नाही. बाकी बायोस मोडला तरी त्याला फ्लॉपी वाचता येते. आमचं डिस्प्ले कार्ड मात्र ओळखता येत नव्हतं, म्हणून स्क्रीन काळी. म्हणजे जे करायचं ते न बघता.

दुसरी फ्लॉपी केली. तिच्यात ऑटोएक्झेक नावाची एका ओळीची फाईल टाकली, म्हणजे कोणी टाईप न करता अपडेट आपोआप सुरू होईल. फ्लॉपी घातली, बटण दाबलं. मामा ड्राइव्हवर तळहात ठेवून बसला. आवाज थांबला, तरी त्यानं मला बोट वर करून गप्प बसवलं. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं मोजली. मग बंद, चालू. एक बीप आणि स्क्रीनवर नव्या बायोसची तारीख. ४० जीबीची डिस्क दिसली.

फ्लॉपी नंतर हळूहळू गेली. २०११ मध्ये सोनीनंही विक्री बंद केली. तिचं भूत मात्र टिकलं. १९९५ च्या ‘एल तोरितो’ या ठरावानुसार बूट होणाऱ्या सीडीत अनेकदा फ्लॉपीची अख्खी प्रतिमा लपलेली असायची, आणि कॉम्प्युटरला वाटायचं की फ्लॉपीच घातली आहे. आज बूट पेनड्राइव्ह करणारं रूफस १९९४ साली सुरू झालेलं फ्रीडॉस अजून सोबत देतं.

आता मी पुण्यात अपडेटचा कोड लिहितो. शेतातल्या, छतावरच्या छोट्या यंत्रांसाठी, जिथे स्क्रीन नाही आणि शेजारी मामाही नाही. नियम तोच, चालू असलेल्या प्रतीला हात लावायचा नाही, नवी शेजारी लिहायची, ती नीट उठली तरच जुनी सोडायची. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनही असंच करतात. आमच्या टेस्टिंगमध्ये एक पायरी आहे, अपडेट अर्ध्यावर असताना वायर उपटायची. ती पायरी मी घालायला लावली. टीममध्ये कुणीतरी विचारलं, असं खरंच होतं का? मी पारोळ्याचं नाव सांगितलं.

मामानं क्लास कधीच बंद केला. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. मोबाइल अपडेट मागतोय, करू का? म्हटलं, करा, बॅटरी आहे ना.

‘बॅटरी आहे,’ मामा म्हणाला. ‘पण थांब, लाईट येऊ दे.’