बॉम्बे रक्तगट

बॉम्बे रक्तगट (एचएच किंवा ओएच) हा मानवी रक्ताचा एक दुर्मीळ आनुवंशिक प्रकार आहे. या गटाच्या व्यक्तींच्या तांबड्या रक्तपेशींवर ए, बी आणि एच यांपैकी एकही प्रतिजन नसतो. हा आजार नव्हे. मात्र रक्त चढवण्याची वेळ आल्यास सर्वांना चालणारे मानले जाणारे ओ गटाचे रक्तही अशा व्यक्तीच्या जिवावर बेतू शकते.

शोध

डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत या गटाचा शोध लावला. १९५२ साली त्यांचा शोधनिबंध 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शहराच्या तत्कालीन इंग्रजी नावावरून गटाला हे नाव मिळाले. भारतात सुमारे दहा हजारांत एक, तर युरोपात सुमारे दहा लाखांत एक व्यक्ती या गटाची असते.

कारण व आनुवंशिकता

एच प्रतिजन हा ए आणि बी प्रतिजनांचा पाया होय. तो तयार करणारे एफयूटी१ हे जनुक १९व्या गुणसूत्रावर असते. आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आले, तरच हा गट दिसतो. दोघेही केवळ वाहक असल्यास प्रत्येक अपत्यात ही शक्यता २५ टक्के असते. नात्यातील विवाहांमुळे ती वाढते. ए किंवा बी जनुक असूनही ते प्रकट होत नसल्याने एबी गटाच्या पालकाचे मूल चाचणीत 'ओ' दिसू शकते. त्यावरून पितृत्वाविषयी शंका घेणे चुकीचे ठरते.

निदान

केवळ पेशींची चाचणी केल्यास हा गट 'ओ' असाच नोंदला जातो. खरा भेद रक्तद्रवाच्या चाचणीत कळतो: रुग्णाच्या रक्तद्रवातील एच-विरोधी प्रतिपिंडांमुळे ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या होतात. एच-विरोधी द्रावणाने निदान पक्के करतात. म्हणून दोन्ही चाचण्या आणि रक्तजुळणी आवश्यक असतात.

व्यवस्थापन

या व्यक्तींना तांबड्या पेशी फक्त बॉम्बे गटाच्याच चालतात. ओ गटाच्या पेशींवर एच प्रतिजन सर्वाधिक असल्याने त्या दिल्यास पेशी वेगाने फुटतात. मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दाता शोधताना प्रथम सख्ख्या भावंडांची तपासणी करतात. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे स्वतःचे रक्त काढून ठेवता येते. ग्लिसरॉल मिसळून गोठवलेल्या पेशी अनेक वर्षे टिकतात.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन अशा रायगडच्या किनारी गावांतील रुग्णांसाठी पूर्वतयारी विशेष महत्त्वाची आहे, कारण इतके दुर्मीळ रक्त जवळच्या रक्तपेढीत मिळेलच असे नसते. गर्भवतीचा गट वेळीच निश्चित करणे, लोहाची कमतरता भरून काढणे, प्रसूतीपूर्वी दात्याशी संपर्क ठेवणे आणि रक्तगटाची लेखी नोंद जवळ बाळगणे हे उपाय उपयुक्त ठरतात. मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तशास्त्र संस्थेत दुर्मीळ रक्तगटांविषयी संशोधन चालते.