माया लोकांची आकाशगणना

मेक्सिको देशाच्या युकातान द्वीपकल्पात चिचेन इत्झा नावाचे एक प्राचीन नगर अवशेषरूपाने उभे आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी माया लोकांनी ते भरभराटीस आणले. मुलांना खगोलशास्त्राचा पहिला पाठ द्यावयाचा असेल, तर याहून चांगली शाळा क्वचितच सापडेल. मात्र हा पाठ नेमका कोणता, हे त्यांना तेथे नेणाऱ्याने आधी ध्यानात घेतले पाहिजे.

नगराच्या मध्यभागी सुमारे ३० मीटर उंचीचा, नऊ टप्प्यांचा एक पिरॅमिड आहे. त्याला चारही बाजूंनी जिने असून प्रत्येक जिन्यास ९१ पायऱ्या आहेत. एक्क्याण्णव चोक तीनशे चौसष्ट, आणि माथ्यावरचा चौथरा धरून ३६५. म्हणजे वर्षाचे दिवस झाले! वर चढण्यास आता मनाई आहे, परंतु हा हिशेब मुलांना खाली उभे राहूनही करता येतो. मार्च व सप्टेंबर महिन्यांत दिवस आणि रात्र समान होतात, त्या सुमारास दुपार कलली की उत्तरेकडील जिन्याच्या कठड्यावर उजेडाच्या त्रिकोणांची एक नागमोडी आकृती उमटते व ती पायथ्याच्या दगडी सर्पमुखास जाऊन मिळते. हे दृश्य पाहण्यासाठी हजारो प्रवासी लोटतात. तथापि ते विषुवदिनाच्या आधी व नंतरही कित्येक दिवस दिसते; तेव्हा केवळ त्यावरून नेमका दिवस ठरविता येत नाही. मायांच्या विद्येचा खरा पुरावा अन्यत्र शोधावा लागतो.

तो जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी जपून ठेवलेल्या एका माया ग्रंथात सापडतो. १७३९ साली तेथील ग्रंथालयास मिळालेल्या या ग्रंथात शुक्राचे कोष्टक आहे. आपल्या पंचांगात शुक्राचा उदय आणि अस्त दिलेला असतो, हे आपणांस ठाऊक आहेच. मायांनीही शुक्राच्या एका फेरीचे चार भाग पाडले होते. २३६ दिवस पहाटेची चांदणी, ९० दिवस अस्त, २५० दिवस सायंकाळची चांदणी आणि पुन्हा ८ दिवस अस्त, असे एकूण ५८४ दिवस होतात. आजच्या गणिताप्रमाणे ही सरासरी ५८३.९२ दिवस भरते. एका फेरीमागे दोन तासांहूनही कमी असा हा फरक १०४ वर्षांत पाच दिवसांवर जातो, आणि तो दुरुस्त करण्याची सोयही त्या कोष्टकात केलेली आहे. दुर्बीण नाही, घड्याळ नाही. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शिंपल्यासारखे चिन्ह म्हणजे शून्य, एवढ्या सामग्रीवर हे गणित उभे राहिले.

हे एका माणसाच्या बुद्धीचे काम नव्हे. शंभर वर्षांतील पाच दिवसांची चूक एका आयुष्यात कळत नाही. आज्याने पाहिलेले लिहून ठेवावे, नातवाने ते पुढे चालवावे, तेव्हाच ती उघडकीस येते. म्हणूनच लिखाण नाहीसे झाले तर एक पुस्तक जाते एवढेच नव्हे. कित्येक पिढ्यांच्या रात्री वाया जातात.

आणि नेमके तसेच घडले. १५६२ साली दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने मानी या गावी माया ग्रंथांची होळी केली. त्यांत सैतानाच्या असत्याखेरीज काही नाही, अशी त्याची समजूत होती. मी त्याच कॅथलिक पंथात वाढलो आहे. म्हणूनच हे कृत्य सौम्य शब्दांनी झाकणे मला उचित वाटत नाही. ज्या भक्तीस दुसऱ्याचे पुस्तक उघडून पाहण्याचा धीर नाही, ती भक्ती दुबळी होय. आज जगात मायांचे अवघे चार ग्रंथ उरले आहेत. याच लांदाने पुढे युकातानची हकीकत लिहिली आणि तीत मायांच्या काही अक्षरचिन्हांचे उच्चार नोंदविले. त्या नोंदींच्या आधारे १९५२ साली सोव्हिएत विद्वान यूरी क्नोरोझोव याने माया लिपी वाचण्याचा मार्ग दाखविला. ग्रंथ जाळणाऱ्याच्याच लेखणीने उरलेल्या ग्रंथांची किल्ली जपून ठेवली, असे म्हणावे लागते.

माया लोक मात्र नामशेष झालेले नाहीत. त्यांचे लक्षावधी वंशज आजही मेक्सिको व ग्वाटेमाला या देशांत आपल्या भाषा बोलतात. अवशेष पाहताना मुलांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

चिचेन इत्झास जाणे आपणांपैकी फारच थोड्यांना साधेल. परंतु शुक्राची चांदणी आपल्या अंगणातूनही दिसते. ती पहाटे प्रथम दिसेल त्या दिवसाची तारीख मुलाने वहीत लिहावी आणि सुमारे एकोणीस महिन्यांनी ती पुन्हा तशीच उगवेपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवावे. या अभ्यासाला दुर्बीण लागत नाही. वही मात्र लागते, आणि ती जपून ठेवणारे घर लागते.