अमेरिकन महाविद्यालयीन बेसबॉलमधील खेळाडूभरती

अमेरिकेतील महाविद्यालयांचे व विद्यापीठांचे बेसबॉल प्रशिक्षक माध्यमिक शाळेत, म्हणजे नववी ते बारावीत, शिकणाऱ्या खेळाडूंना हेरून आपल्या संघात घेतात. या प्रक्रियेस महाविद्यालयीन बेसबॉलमधील खेळाडूभरती असे म्हणतात. तिच्यात मध्यवर्ती निवड समिती नसते आणि सर्वांसाठी एकच चाचणीही नसते. प्रत्येक प्रशिक्षक आपल्या संघाच्या गरजेप्रमाणे खेळाडू शोधतो, आणि म्हणून चांगला खेळणे व योग्य माणसाच्या नजरेस पडणे या तेथे दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. भारतीय क्रिकेटमध्ये शालेय खेळाडूची पुढची वाट प्रामुख्याने राज्य संघटनांच्या वयोगट संघांतून जाते. अमेरिकेत त्या कामाचा मोठा भाग शिक्षणसंस्था करतात, त्यामुळे खेळातील निवड आणि महाविद्यालयातील प्रवेश हे प्रश्न तेथे एकमेकांत गुंतलेले असतात.

स्पर्धेचे स्वरूप

अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या संघांतून दरवर्षी सुमारे पावणेपाच लाख मुले बेसबॉल खेळतात. त्यांपैकी साधारण ७ टक्के मुले एनसीएए या संघटनेच्या सदस्य महाविद्यालयांत पुढे खेळतात. सर्वोच्च समजल्या जाणाऱ्या डिव्हिजन एकमध्ये पोहोचणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम २ टक्क्यांच्या वर आहे. इंडियानापोलिस येथे मुख्यालय असलेल्या एनसीएएच्या तीन श्रेणी असून एकट्या डिव्हिजन एकमध्ये सुमारे ३०० संघ आहेत. त्यांतील विजेता दरवर्षी जूनमध्ये नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे भरणाऱ्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये ठरतो. ही स्पर्धा १९४७ साली मिशिगनमधील कॅलामाझू येथे सुरू झाली आणि १९५० पासून ओमाहात होते. एनसीएएखेरीज एनएआयए ही मुख्यतः लहान महाविद्यालयांची संघटना आहे, आणि एनजेसीएए ही दोन वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांची.

डिव्हिजन एक म्हणजेच महाविद्यालयीन बेसबॉल, असा समज खेळाडूंत आणि त्याहून अधिक पालकांत आढळतो. तो खरा नाही. डिव्हिजन तीनमध्ये व एनएआयएमध्ये खेळणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि आपल्या पातळीचा अंदाज चुकल्याने या संघांकडे वेळेवर न पाहणारी मुले शेवटी कोणत्याच संघात नसतात. शाळेच्या किंवा क्लबच्या प्रशिक्षकाचे निःपक्ष मत आणि संबंधित महाविद्यालयाचा प्रत्यक्ष पाहिलेला एखादा सामना या दोन गोष्टींवरून पातळीचा अंदाज बऱ्यापैकी येतो. महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर चालू संघातील खेळाडूंची उंची, वजन, मूळ गाव व इयत्ता दिलेली असते. ज्या जागेवरचे दोन खेळाडू यंदा पदवीधर होत आहेत तेथे पुढील वर्षी जागा रिकामी होणार, हे त्यावरून कोणासही कळू शकते.

प्रशिक्षक काय पाहतात

फटका मारण्याचे सातत्य, फटक्याची ताकद, धावण्याचा वेग, फेकीचा जोर आणि क्षेत्ररक्षण ही पाच अंगे बेसबॉलमध्ये परंपरेने तपासली जातात. यांतील काही अंगे आता घड्याळाने व रडारने मोजतात. धावण्यासाठी ६० यार्डांची (सुमारे ५५ मीटर) शर्यत घेतली जाते, आणि ७ सेकंदांच्या आतली वेळ चांगली मानतात. कॅचरच्या बाबतीत चेंडू त्याच्या हातमोज्यात पडल्यापासून दुसऱ्या बेसवरील खेळाडूच्या हातमोज्यात पोहोचेपर्यंतचा काळ मोजतात. हे अंतर १२७ फुटांहून थोडे अधिक असून सुमारे २ सेकंदांत चेंडू पोहोचवणाऱ्या कॅचरकडे वरच्या श्रेणीचे प्रशिक्षक लक्ष देतात. फलंदाजाच्या बॅटवरून चेंडू किती वेगाने सुटतो हे पाहिले जाते. पिचरकडून डिव्हिजन एकच्या बलाढ्य संघांना ताशी ९० मैलांच्या (सुमारे १४५ किलोमीटर) आसपासचा वेग हवा असतो.

आकड्यांवरून खेळाडू नजरेत भरतो, पण निवड केवळ त्यांवर होत नाही. बाद झाल्यावर तो डगआउटमध्ये कसा परततो, सहकाऱ्याच्या चुकीवर कसा वागतो, सरावात चेंडू गोळा करायला वाकतो की दुसऱ्याची वाट पाहतो, हे प्रशिक्षक मुद्दाम पाहतात. शॉर्टस्टॉप, सेंटर फील्डर, कॅचर आणि डावखुरे पिचर यांना मागणी अधिक असते. चांगला शॉर्टस्टॉप दुसऱ्या जागेवर हलवता येतो, पण फक्त पहिल्या बेसवर खेळणाऱ्याला फलंदाजीच्या बळावरच स्थान मिळवावे लागते.

जागा बदलल्याने नशीब पालटल्याचे ठळक उदाहरण म्हणजे जेकब डीग्रॉम. फ्लोरिडातील स्टेट्सन विद्यापीठात तो शॉर्टस्टॉप म्हणून गेला आणि तिसऱ्या वर्षी पिचर झाला. २०१० मध्ये न्यू यॉर्क मेट्सने त्याला नवव्या फेरीत निवडले. पुढे २०१८ व २०१९ अशी सलग दोन वर्षे त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला.

उन्हाळ्याचे महत्त्व

शाळांचे सामने वसंत ऋतूत होतात. महाविद्यालयांचा हंगामही फेब्रुवारी ते जून असाच असतो, त्यामुळे प्रशिक्षक त्या काळात स्वतःच्या संघात अडकलेले असतात. शाळेच्या मैदानावर त्यांपैकी क्वचितच कोणी फिरकतो. खेळाडू पाहण्याचे त्यांचे खरे दिवस म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी आणि त्यानंतरची शरद ऋतूतील काही आठवडे. याच कारणाने शाळाबाह्य फिरते क्लब आणि त्यांच्या मोठ्या स्पर्धा यांचे प्रस्थ वाढले. जॉर्जियातील लेकपॉइंट संकुलात उन्हाळ्यात आणि फ्लोरिडातील ज्युपिटर येथे ऑक्टोबरात होणाऱ्या स्पर्धांत एकाच आवारात अनेक मैदाने असतात, आणि प्रशिक्षकाला एका दिवसात शेकडो खेळाडू पाहता येतात. अशा स्पर्धा भरवणाऱ्यांपैकी परफेक्ट गेम ही संस्था जेरी फोर्ड यांनी १९९५ मध्ये आयोवा राज्यात सुरू केली. 'शोकेस' नावाच्या मेळाव्यांत सामन्यापेक्षा धावणे, फेकणे व फटकेबाजी यांच्या मोजणीवर भर असतो.

हा सर्व प्रकार खर्चिक आहे. क्लबची वर्गणी, प्रवास, हॉटेल आणि मेळाव्यांचे शुल्क मिळून एका कुटुंबाचा वर्षाचा खर्च काही हजार डॉलरांवर जातो. ज्यांना तो झेपत नाही त्यांची मुले गुणी असूनही मागे राहतात, ही या व्यवस्थेवरील सर्वांत गंभीर टीका आहे. महाविद्यालये स्वतःही सशुल्क शिबिरे घेतात. त्यांचे आमंत्रण आले म्हणजे प्रशिक्षकाला आपला मुलगा हवा आहे, असा अर्थ अनेक घरांत काढला जातो. प्रत्यक्षात अशी पत्रे घाऊक प्रमाणात पाठवली जातात. प्रशिक्षकाने खेळाडूचा एखादा सामना पाहिल्याचा उल्लेख केला असेल, किंवा स्वतः दूरध्वनी केला असेल, तर मात्र त्याचे स्वारस्य खरे समजावे.

संपर्काचे नियम

कोणत्या काळात कोणी कोणाशी बोलावे याविषयी एनसीएएचे नियम तपशीलवार आहेत. २०२३ पर्यंत आठवी-नववीतील मुलांनीही डिव्हिजन एकच्या संघांना तोंडी होकार दिल्याची उदाहरणे सर्रास घडत. आवाज फुटायच्या वयात चार-पाच वर्षांनंतरचे महाविद्यालय ठरवणे कोणाच्याच हिताचे नव्हते. त्या वर्षी नियम बदलला. आता डिव्हिजन एकचे बेसबॉल प्रशिक्षक अकरावी सुरू होण्यापूर्वीच्या १ ऑगस्टपर्यंत खेळाडूशी भरतीविषयी बोलू किंवा लिहू शकत नाहीत. डिव्हिजन दोनसाठी ही तारीख दहावी संपल्यानंतरची १५ जून आहे, तर डिव्हिजन तीन व एनएआयएचे नियम याहून बरेच सैल आहेत.

बंधन प्रशिक्षकावर आहे. खेळाडू केव्हाही पत्र पाठवू शकतो. त्या तारखेपूर्वी उत्तर न येण्याचे कारण पुष्कळदा केवळ नियम हेच असते. पत्र थोडक्यात असावे आणि त्यात पदवीचे वर्ष, खेळण्याची जागा, उंची व वजन, डावखुरा की उजवा, शालेय गुण, आगामी सामन्यांचे वेळापत्रक, क्लबच्या प्रशिक्षकाचा दूरध्वनी आणि दोन-तीन मिनिटांच्या चित्रफितीचा दुवा असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. चित्रफितीत संगीत व मथळ्यांची सजावट नको असते. फलंदाज बाजूने व मागून दिसावा आणि पिचरची फेक पूर्ण दिसावी, एवढे पुरते. याच महाविद्यालयात का यायचे आहे, हे सांगणारे एखादे वाक्य शंभर जणांना पाठवलेल्या एकाच मजकुरापेक्षा अधिक काम करते. पत्र आईवडिलांनी न लिहिता खेळाडूने स्वतः लिहावे, अशी प्रशिक्षकांची अपेक्षा असते. मुलाच्या वतीने सतत बोलणारे पालक ही त्यांना धोक्याची खूण वाटते.

तोंडी होकार दोन्ही बाजूंस बंधनकारक नसतो. पूर्वी बारावीच्या नोव्हेंबरात 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' या पत्रावर सही झाल्यावर नाते पक्के होई. ही पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाली आणि तिची जागा आर्थिक साहाय्याच्या लेखी कराराने घेतली.

शिष्यवृत्ती आणि अभ्यास

बेसबॉलमध्ये पूर्ण शिष्यवृत्ती दुर्मीळ असते. डिव्हिजन एकमधील संघाला अनेक वर्षे एकूण ११.७ शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती. त्या २७ खेळाडूंत वाटता येत आणि प्रत्येकाला किमान चतुर्थांश द्यावी लागे. डिव्हिजन दोनमध्ये मर्यादा ९, एनएआयएमध्ये १२ आणि कनिष्ठ महाविद्यालयांच्या वरच्या श्रेणीत २४ अशी राहिली आहे. डिव्हिजन तीनमध्ये, तसेच डिव्हिजन एकमध्ये असूनही आयव्ही लीगच्या विद्यापीठांत, खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. तेथे मदत मिळते ती गुणवत्तेनुसार किंवा कुटुंबाच्या गरजेनुसार.

म्हणूनच शालेय गुणांना येथे रोख किंमत आहे. खेळाची शिष्यवृत्ती एक चतुर्थांश मिळाली तरी उरलेल्या शुल्काचा मोठा भाग चांगल्या गुणांवरील साहाय्यातून भागू शकतो, आणि असा खेळाडू प्रशिक्षकालाही स्वस्तात पडतो. डिव्हिजन एकमध्ये खेळण्यासाठी शाळेत १६ मूलभूत विषय पूर्ण करावे लागतात. त्यांत इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २ व सामाजिक शास्त्रे २ वर्षे आवश्यक आहेत, आणि ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते. १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्यापूर्वी व्हावे लागतात. सॅट किंवा एसीटी परीक्षेची एनसीएएची अट जानेवारी २०२३ मध्ये निघाली. महाविद्यालयाची स्वतःची अट असल्यास ती मात्र लागू राहते. दहावीत विषय चुकीचे निवडले गेले तर पुढे कितीही वेगवान फेक असली तरी उपयोग होत नाही, आणि ही चूक लक्षात येते तेव्हा सहसा उशीर झालेला असतो.

कनिष्ठ महाविद्यालय आणि व्यावसायिक निवड

मेजर लीग बेसबॉलची वार्षिक खेळाडूनिवड १९६५ मध्ये सुरू झाली. तिच्यात पूर्वी ४० फेऱ्या होत, २०२१ पासून २० होतात. शाळा संपताच खेळाडू निवडला जाऊ शकतो. त्याने चार वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला, तर तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची २१ वर्षे होईपर्यंत त्याला थांबावे लागते. कनिष्ठ महाविद्यालयातील खेळाडूला हे बंधन नाही. मिसूरीतील मेपल वूड्स कम्युनिटी कॉलेजमधून आल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये तेराव्या फेरीत निवडला गेला आणि त्याने पुढे ७०३ होमरन केले. उलट ॲरन जजला २०१० मध्ये शाळेतून ओकलंडने एकतिसाव्या फेरीत निवडले होते. तो फ्रेझ्नो स्टेट विद्यापीठात गेला आणि तीन वर्षांनी न्यू यॉर्क यांकीजने त्याला पहिल्याच फेरीत घेतले.

दुखापती

वेगाच्या आकड्यावर नजर खिळल्याचा परिणाम मुलांच्या कोपरांवर होतो. कोपराच्या फाटलेल्या अस्थिबंधावरील शस्त्रक्रिया १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. आज ती किशोरवयीन खेळाडूंवरही होते. वर्षातून आठ महिन्यांहून अधिक काळ स्पर्धेत फेक करणाऱ्या तरुण पिचरांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट आढळल्याचे अलाबामातील बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले. २०१४ मध्ये मेजर लीग व यूएसए बेसबॉल यांनी 'पिच स्मार्ट' ही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार १५-१६ वयात दिवसाला ९५ आणि १७-१८ वयात १०५ हून अधिक चेंडू टाकू नयेत, आणि मोठ्या संख्येने चेंडू टाकल्यावर चार दिवस विश्रांती घ्यावी. ही तत्त्वे सर्वत्र बंधनकारक नाहीत. शनिवारी एका क्लबसाठी आणि रविवारी दुसऱ्यासाठी फेकणाऱ्या मुलाचे चेंडू मोजणारा त्याच्या घरच्या माणसांखेरीज कोणी नसतो.

अलीकडील बदल

ऑक्टोबर २०१८ मध्ये एनसीएएने महाविद्यालय बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी करणारे 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू केले. २०२१ पासून बेसबॉल खेळाडूला एकदा, आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असल्यास कितीही वेळा, एक वर्ष न थांबता महाविद्यालय बदलता येते. त्यामुळे प्रशिक्षकांपुढे अठरा वर्षांच्या नवख्याऐवजी एकवीस वर्षांचा तयार खेळाडू घेण्याचा पर्याय उभा राहिला. हवाई दलाच्या अकादमीतून लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेलेल्या पॉल स्कीन्सने २०२३ मध्ये त्या विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला, आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला संपूर्ण निवडीत पहिले घेतले. अशी उदाहरणे पाहून बलाढ्य संघ पोर्टलकडे अधिकच वळले. शाळेतून थेट येणाऱ्यांच्या जागा त्या प्रमाणात आक्रसल्या.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाउस खटल्यातील तडजोडीस मान्यता दिली. तीत सहभागी झालेल्या महाविद्यालयांवरील ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठली, पण बेसबॉल संघात ३४ हून अधिक खेळाडू ठेवण्यास बंदी आली. या महाविद्यालयांना आता सर्व ३४ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते, आणि शिष्यवृत्तीविना संघात राहून संधीची वाट पाहणाऱ्यांची जागा नाहीशी झाली आहे. तडजोडीबाहेर राहिलेल्या महाविद्यालयांना शिष्यवृत्तीची जुनी मर्यादाच लागू आहे.